हात लावल्यावर थांबतो का

दादांची नखं स्वच्छ झाल्याची बातमी गल्लीत नातीच्या बातमीइतकीच फिरली. बावन्न वर्षं सायकलींच्या ग्रीसमध्ये मुरलेली नखं आपोआप गुलाबी होत नाहीत. त्यासाठी पान्हा खाली ठेवावा लागतो, कपडे धुवायची पावडर आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन नळाशी बसावं लागतं, आणि "लग्नाच्या वेळी एवढे घासले असते तर," हे बायकोचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. दादांनी ते सगळं निमूटपणे केलं. नात बुधवारी, दिवस भरायच्या अकरा आठवडे आधी जन्मली होती. वजन अकराशे पन्नास ग्रॅम. आणि गुरुवारी हॉस्पिटलातल्या काचेच्या खोलीच्या दारात सिस्टरने दादांचे हात उलटेपालटे करून बघितले होते. "आजोबा, हे हात घेऊन आत येता येणार नाही," ती म्हणाली होती.

सायकलच्या दुकानात दादा गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी चाक बघत. इथे कोणीतरी त्यांचे हात तसे बघितले आणि नापास केले. ते रागावले नाहीत. तीन दिवस घासत बसले.

पहिल्या दिवशी काचेबाहेरूनच नातीला बघून ते म्हणाले होते, "अरे, हा तर छर्रा." चाकाच्या आत, आसाभोवती वाटाण्यापेक्षा लहान छर्रे असतात. ते कोणाला दिसत नाहीत आणि त्यांच्यावाचून चाक फिरत नाही. मुलीला छर्रा काय म्हणायचं, असं तिच्या आईने दोन दिवस म्हणून बघितलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणू लागली.

रविवारी दादा पास झाले. दहा मिनिटं मिळाली. त्यांचा मुलगा, ज्याला बाप झाल्यावरही सगळे धाकटा म्हणत, आधीच आत होता. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने सिस्टरची परवानगी मिळवली होती. बाळाच्या उबदार पेटीच्या गोल खिडकीतून दादा आत बघत होते, आणि छर्रा पाय हलवू लागली. दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, एकामागून एक, गोल.

"बघ, बघ," दादा म्हणाले. "पायडल मारतेय."

धाकट्याने सत्तावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. त्यात पाय दिसतात, दादांचा आवाज ऐकू येतो, आणि शेवटी एक घासून घासून सोललेलं बोट आत येताना दिसतं. तिथे व्हिडिओ संपतो.

दुसऱ्या कुठल्या घरात त्या पायांबद्दल कोणीतरी सिस्टरला विचारलं असतं. या घरात तीन पिढ्या सायकलवर जेवल्या होत्या. व्हिडिओ घराच्या ग्रुपवर गेला आणि मेव्हण्यांपासून मावससासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी अंगठे आणि बदाम पाठवले. सोमवारी दादा दुकानात जाऊन बसले, काम न करता, नुसता फोन हातात घेऊन. पंक्चर काढायला आलेल्यांना पंक्चरच्या आधी व्हिडिओ बघावा लागला.

फक्त एक उत्तर वेगळं होतं. ते अक्काचं. अक्का म्हणजे दादांची थोरली मुलगी. वाकड्या चाकाचा आउट तिच्यासारखा कोणी काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी दुकान धाकट्याच्या नावावर झालं, त्या दिवशी ती एप्रन खुंटीला लावून निघून गेली. आता ती शिलाई मशिनी दुरुस्त करायची आणि बापाशी बोलायची नाही. ग्रुपवर चार वर्षांत तिने काही लिहिलं नव्हतं. आता लिहिलं: "हात लावल्यावर थांबतो का?"

"हिला चांगलं काही बघवतच नाही," माई म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. माई म्हणजे दादांची बायको. कोणीच अक्काला उत्तर दिलं नाही.

*

छर्र्याच्या आईला घरात सगळे बाई म्हणत. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरीही तेच करते, असं धाकट्याचं म्हणणं होतं. दर तीन तासांनी दूध काढायचं, बाटलीवर वेळ लिहायची, ती सिस्टरकडे द्यायची, आणि मधल्या वेळात पेटीशेजारच्या खुर्चीत बसायचं, हे तिचं वेळापत्रक होतं. टाके ओढत होते. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती, कारण कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने अक्काचा तो प्रश्न तिसऱ्यांदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, नणंदबाईंचा जुना राग. दुसऱ्यांदा वाटलं, राग असता तर त्यांनी टोमणा मारला असता, प्रश्न कशाला विचारला असता.

तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि गोल खिडकी उघडली. छर्र्याचे पाय गोल फिरत होते. बाईने डाव्या तळव्यावर बोट टेकवलं, अगदी हलकं.

पाय थांबला नाही. बोटाखाली चालतच राहिला, कोणीतरी आतून फिरवत असल्यासारखा. बाईने मग तोंडाकडे बघितलं. ओठ चघळल्यासारखे हलत होते आणि तोंडात काही नव्हतं. डोळे उजवीकडे खिळले होते. सवयीने तिने मोजलं. बेचाळीस सेकंद झाले तेव्हा पाय थांबले, आणि वरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा त्र्याण्णववरून घसरत अठ्ठ्याहत्तरवर आला.

"सिस्टर," बाई म्हणाली. तिचा आवाज वर्गात हजेरी घेतानासारखाच निघाला, त्याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

सिस्टरने श्वास सुरू होण्यासाठी पाठ चोळली. आकडा वर आला. पाच मिनिटांनी पाय पुन्हा चालू झाले तेव्हा सिस्टरनेही तसंच बोट टेकवून बघितलं. बोट काढलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"काय आहे?" बाईने विचारलं.

"इतक्या लहान बाळांचे पाय असेही हलतात. धरले की थांबतात. नाही थांबले तर बघावं लागतं." सिस्टरने तिच्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला हे कोणी सांगितलं, हात लावून बघायचं?"

"आमच्या नणंदबाईंनी."

"नर्स आहेत का?"

"मेकॅनिक आहेत," बाई म्हणाली. बाहेर येऊन तिने पहिला फोन नवऱ्याला केला आणि दुसरा अक्काला.

*

काचेच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला दादा आणि माई बसले, दुसऱ्या टोकाला अक्का. मध्ये तिघं बसतील एवढी जागा होती आणि धाकटा त्या जागेत न बसता उभाच राहिला. लहानपणापासून या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभं राहायचं, हे त्याला कधी समजलं नव्हतं.

"हिला कोणी बोलावलं?" माईने हळू विचारलं, पण ऐकू जाईल एवढ्या हळू.

"मी," बाई दारातून येत म्हणाली. ती सरळ अक्काच्या शेजारी जाऊन बसली. बाकाचा तोल त्या बाजूला गेला, हे सगळ्यांनी बघितलं.

डॉक्टर तरुण होते आणि पेनाचं टोपण चावत बोलायची त्यांना सवय होती.

"हे झटके आहेत असा माझा अंदाज आहे," ते म्हणाले. "मोठ्या माणसाला फिट येते तसं इतक्या लहान बाळात दिसत नाही. पाय गोल फिरतात, तोंड चघळतं, नजर खिळते, श्वास थांबतो. कधी कधी बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त मेंदूच्या आलेखात कळतं. म्हणून आता डोक्याला बारीक तारा लावून आलेख सुरू केलाय. पहिलं औषध दिलंय. मला एक सांगा, हे कधीपासून होतंय?"

"आज सकाळी मी बघितलं," बाई म्हणाली.

"त्याच्या आधी?"

धाकट्याच्या हातात फोन होता. दोन दिवसांत तो व्हिडिओ त्याने किती जणांना दाखवला होता याचा हिशेब नव्हता. आता तो दाखवणं म्हणजे, आम्ही बघितलं, हसलो आणि घरी गेलो, असं लिहून देण्यासारखं होतं. फोन खिशात घालावा असं त्याला खरंच वाटलं. मग बायको आपल्याकडे बघतेय हे त्याला दिसलं आणि त्याने फोन पुढे केला.

डॉक्टरांनी सत्तावीस सेकंद दोनदा बघितले. दोन्ही वेळा दादांचा आनंदी आवाज त्या शांत जागेत वाजला.

"हे रविवारचं? बरं झालं काढलंत." कोणी रागावलं नाही, याचंच धाकट्याला रडू आलं. "पण नुसत्या हलण्यावरून मला ठरवता येत नाही. हे साधं हलणंही असू शकतं. आणि दिवस महत्त्वाचा आहे. काल दुपारी आम्ही तिच्या सलाईनमध्ये बदल केला. त्यानंतर सुरू झालं असेल तर मी आधी साखर आणि कॅल्शियमच्या मागे लागेन. रविवारपासून असेल तर मेंदूत रक्तस्राव झालाय का, ते आधी बघेन. शुक्रवारची सोनोग्राफी स्वच्छ होती. सगळं करणारच आहे, पण कुठून सुरू करू ते ठरवायचंय. रविवारी कोणी पायाला हात लावून बघितलं होतं का?"

अक्काने बापाकडे बघितलं. व्हिडिओच्या शेवटी आत येणारं ते बोट तिने रविवारीच ओळखलं होतं. चाक आवाज करत असेल तर ते बोट कसं पुढे जातं, हे ती त्याच बोटाकडून शिकली होती.

"मी लावला होता," दादा म्हणाले.

"मग? थांबला?"

"नाही."

"नक्की?"

"बावन्न वर्षं चाकं फिरवतोय, साहेब. बोटाला कळतं. थांबला नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग आधी सोनोग्राफी," असं म्हणून ते आत गेले. त्यांच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता.

*

बाकावर तो सुरू झाला.

"दादा," धाकटा म्हणाला, "तुम्ही काल दुकानात लोकांना व्हिडिओ दाखवत होतात."

"हो."

"तुम्हाला माहीत असून."

"हो."

"का?"

दादांनी स्वतःच्या नखांकडे बघितलं. उत्तर माईने दिलं, भिंतीकडे बघत.

"आमचं पहिलं," ती म्हणाली.

अक्काला आणि धाकट्याला एवढंच माहीत होतं की अक्काच्या आधी कोणीतरी होतं. त्याबद्दल घरात बोलत नसत. विचारलं की माई उठून भांडी घासायला लागायची.

"आठव्या महिन्यातच झाला होता. मुलगा. तिसऱ्या दिवशी असे पाय चालवायला लागला. हे म्हणाले, बघ, पायडल मारतोय. मी हसले. सुईणही हसली. आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवला." माईचा आवाज सरळ होता. "पाचव्या दिवशी गेला. रविवारी यांनी तेच म्हटलं, अगदी तसंच. मला तेव्हाच आठवलं. म्हणून तर मी तुझ्यावर चिडले, अक्के. तू विचारलंस आणि मला विचारायचं नव्हतं."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं," बाई म्हणाली.

"आठवत होतं. माहीत नव्हतं. मी हात लावला नव्हता."

"माझ्या तोंडून निघून गेलं ते," दादा म्हणाले. "निघाल्यावर तो आठवला. म्हणून बोट लावलं. वाटलं, थांबेल. नाही थांबला. मग वाटलं, आपण बोललो नाही तर कदाचित..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "सिस्टर दोन हातांवर उभी होती. नुसतं अगं म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं तिला."

बाई उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, आणि ती वर्गातही कधी ओरडत नसे.

"मी तिची आई आहे. मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"हो."

"मला तुमचा फार राग आलाय. तो जाईपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही."

"बरं," दादा म्हणाले.

मग माईने असं काही केलं जे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. ती नवऱ्याच्या शेजारून उठली, सुनेला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिच्या शेजारी बसली. "टाके ओढतायत ना तुझे?" तिने विचारलं. "मघापासून बघतेय, वाकडी चालतेयस." बाईने मान हलवली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

"तुम्ही घरी जा, दादा," धाकटा म्हणाला. बापाला त्याने असं काही पहिल्यांदाच सांगितलं. बाकाच्या त्या टोकाला आता दादा एकटेच होते.

*

अक्का त्यांना खालच्या कँटीनमध्ये घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे पुढे चालत राहिली आणि ते मागून आले. तिने दोन चहा आणले. त्यांच्या चहात साखर घातली नाही, म्हणजे तिला त्यांच्या डायबेटिसची खबर होती.

अकरा वर्षं तिने या माणसाला काय काय ऐकवायचं, त्याची तयारी केली होती. आज तो समोर बसला होता, चूक कबूल करून, आणि त्याच्या बाजूने कोणी नव्हतं. एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचे हात दिसले. ब्रशने घासून बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली होती.

"मलम लावा त्याला," ती म्हणाली.

"मलम लावलं तर सिस्टर आत सोडत नाही."

अक्काने चहा ढवळला. "विचारल्यावर सांगितलंत तरी. मला वाटलं होतं, नाही सांगणार."

"तू विचारलं होतंस. रविवारीच." दादा कपाकडे बघत होते. "तुझा मेसेज वाचला आणि फोन बंद केला मी. दुकान तुला द्यायला हवं होतं."

"ते आज नको," अक्का म्हणाली. "चहा प्या."

ती त्याला माफ करून बसली नव्हती. पण चहा संपेपर्यंत बसली.

*

सोनोग्राफीत रक्तस्राव निघाला, उजव्या बाजूला. फार मोठा नाही, अगदी लहानही नाही. साखर आणि कॅल्शियम ठीक होतं. डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं आणि धाकट्याने तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

"रविवारी कळलं असतं तर?" बाईने विचारलं.

"रक्तस्राव थांबवता आला नसता. झटके दोन दिवस आधी आवरता आले असते. त्याने तिला किती फरक पडला असता, ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी बोलणार नाही."

"पुढे ती चालेल? शिकेल?"

"बरीचशी मुलं चालतात, शिकतात. काहींना अडचणी येतात. ही कुठल्या बाजूची, ते वर्षा-दोन वर्षांनी कळेल. आज मला फक्त आलेख शांत हवाय."

पहिल्या औषधाने तो शांत झाला नाही. मंगळवारी दुपारी अर्धा डोस आणखी दिला, बुधवारी सकाळी दुसरं औषध सुरू केलं. छर्रा औषधांच्या गुंगीत पडून राहिली, पाय सरळ सोडून. ज्या घराने दोन दिवस त्या पायांचं कौतुक केलं, ते घर आता ते हलू नयेत म्हणून पेटीकडे बघत बसलं. बुधवारी रात्री एक झटका आला. गुरुवारी एकही नाही. बाई प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत होती, बाटल्यांच्या वेळांच्या शेजारी.

दादा रोज यायचे. बाकाच्या आपल्या टोकाला बसायचे, आत जायला मागायचे नाहीत. दुकान बंद होतं. हात मात्र घासत होते, हे माईने सुनेला सांगितलं. मुद्दाम सांगितलं की सहज, ते माईलाच ठाऊक.

शुक्रवारी दुपारी औषधाची गुंगी उतरू लागली. अकराच्या राउंडला डॉक्टर म्हणाले होते, छत्तीस तास आलेख स्वच्छ आहे. दोन वाजता छर्र्याने डावा पाय वर ओढला. मग उजवा. मग पुन्हा डावा, गोल.

बाई खुर्चीतून उठली. पडद्यावरच्या रेघा शांत होत्या. सिस्टरने त्या बघितल्या आणि म्हणाली, "ठीक दिसतंय. हवं तर हात लावून बघा."

बाईने हात धुतले, खिडकी उघडली आणि हात तसाच राहिला. मंगळवारी तिने हेच बोट टेकवलं होतं. आता पाय थांबला तरी खरंच थांबला की आपल्याला वाटतंय, याची तिला खात्री देता आली नसती. वजाबाकी बरोबर आली तरी ती पोरांना उलटी बेरीज करून बघायला लावायची.

ती दाराशी आली. बाकावर दादा एकटे होते.

"हात धुवून या," ती म्हणाली. तीन दिवसांतलं ते तिचं पहिलं वाक्य. "त्या दिवशी कसं लागलं होतं, ते तुमच्या बोटाला माहीत आहे. राग गेला नाहीये माझा. पण या."

दादांना कोपरापर्यंत हात धुवायला चार मिनिटं लागली. सिस्टरने नखं बघितली आणि बाजूला झाली. छर्र्याचे पाय चालू होते. दादांनी या वेळी तोंडातून अक्षर काढलं नाही. खिडकीतून बोट आत नेलं. त्यांनी मनगट खिडकीच्या कडेला टेकवलं, चाकाचा आउट बघताना टेकवत तसं. मग बोट डाव्या तळव्याला लावलं.

पाय थांबला.

"थांबला," दादा म्हणाले.

"नक्की?"

त्यांनी बोट काढलं. क्षणभर काही झालं नाही. मग छर्र्याने पाय आखडला आणि हवेत एक लाथ मारली. त्यांनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा थांबला. बोटाखाली काही चालत नव्हतं. नुसता एक गरम, ओलसर तळवा होता, आणि तो त्यांच्या बोटावर दाब देत होता.

"नक्की," दादा म्हणाले. त्यांनी बोट बाहेर काढलं आणि खिडकी सुनेसाठी मोकळी केली. "तू लाव. आता तुझ्या हाताला कळू दे."